कोरीटच्या स्वयंपाकघरातला पांढरा फळा

मित्रांनो, मी एक जुना पांढरा फळा आहे. जुना म्हणजे वापरलेला. शहाणा झालो असा गैरसमज नको.

माझी उमेदीची नऊ वर्षं नंदुरबारजवळच्या एका मिरची कारखान्यात गेली. माझ्यावर चार रकाने होते : अडचण, कारण, जबाबदार, मुदत. नियम दोनच. पाच वेळा ‘का’ विचारायचं आणि मिळेल ते उत्तर जसंच्या तसं लिहायचं. काम झाल्याशिवाय ओळ पुसायची नाही. दळणयंत्रं बंद पडणं निम्म्यावर आलं. दसऱ्याला मलाही झेंडूचा हार मिळायचा.

मग भिंतीवर स्क्रीन आला आणि सुपरवायझर ललितने मला कोरीटला घरी नेऊन ओट्यासमोर टांगलं. दर शनिवारी उभ्याने बैठक. ‘चहाला उशीर. जबाबदार : चेतना.’ ‘डाळ पातळ. जबाबदार : चेतना.’ चेतना त्याची बायको. दोन वर्षांत त्या रकान्यात दुसरं नाव आलं नाही. तिचे वडील चिंचपाड्याला दवाखान्यात होते. तिने आठ दिवस मागितले. त्याने ‘नामंजूर’ लिहिलं.

पुढच्या शनिवारची अडचण होती : ‘चेतना हसत नाही.’

“का?” ललितने शुद्ध मराठीत विचारलं. बैठकीत तो अहिराणी बोलत नसे.

“बाप दवाखानामा शे, तुम्ही जाऊ दिधं नही.”

“का?”

“मन्हा बदलीमा माणूस नही, तुम्हीच सांगं.”

“का?”

“तुमले साधा चहा करता येस नही.”

“का?”

“कोनी शिकाडंच नही.”

“का?” सवयीने पाचवा ‘का’ तोंडून गेला.

चेतनाने खाटेकडे पाहिलं. खाटेवरून त्याची आई भिकुबाई बोलली, “मन्हं नाव लिख. लाड मीच करात. आते जबाबदारमा तुन्हं लिख, मुदत सकाय.” मग सुनेला म्हणाली, “जाय वं माय, बस निंघी जाई.”

नियम त्याचाच. त्याने लिहिलं : ‘चहा येत नाही. जबाबदार : ललित. मुदत : उद्या.’ चेतनाने पिशवी उचलली, त्याच्या हातातला मार्कर काढून पिशवीत टाकला. टोपण तेवढं ओट्यावर ठेवलं.

आज सोळावा दिवस. वडील उठून बसतात, असं ती सासूला फोनवर सांगते, आणि विचारते, “चहा जमना का?” भिकुबाई ललितने केलेल्या चहाचा कप बघते, म्हणते, “नही अजून. तू ऱ्हाय तठेच.”

मित्रांनो, फळ्याची निगा राखा. ओल्या फडक्याने पुसा, उन्हात ठेवू नका. घरी न्यायचाच असेल, तर तिसऱ्या रकान्यात पहिलं नाव स्वतःचं लिहा. शाई फार दिवस राहिली की घासूनही जात नाही. माझ्यावर चेतनाचं नाव अजून पुसट दिसतं. त्याखाली ठळक ‘उद्या’ आहे, आणि ते पुसायची हिंमत या घरात कुणाची नाही.