हिशोबातली चार घरं

चैत्र लागला आणि बोईसरपलीकडच्या पाड्यांवर देवी आल्या. देवी टोचणाऱ्या पुंडलिकची झोपच उडाली. दारावर कडुलिंबाचा डहाळा लटकला की आत कुणाला देवी आल्यात, हे शेंबडं पोरही सांगेल. पण पुंडलिक पाड्यात शिरला की डहाळे घरात जायचे. देवीच्या घरात सुई नेली तर ती कोपते, म्हणे! शिवाय घरच्यांनी आपण होऊन तिचं नाव काढायचं नाही, हा रिवाज. पुंडलिकचा जीव जळायचा. टोचायचं होतं ते घरातल्या धडधाकट पोरांना. वेळेवर टोचलं तर ती वाचत.

शेवटी त्याने मैनाबाई सुईणीला वेगळं फिरायला लावलं. कुणाच्याही चुलीपर्यंत तिला वाट मोकळी. त्याला बारा घरं सापडली, तिला दहा. तिच्या दहातली सहाच त्याला सापडलेली. म्हणजे दर दहा घरांतली सहाच त्याला दिसतात. बारा दिसली, तर खरी वीस असणार. दोघांची मिळून सोळा झाली. चार घरं अजून दडलेली होती.

"कुठली चार?" मैनाबाईने विचारलं.

"तेवढं हिशोब सांगत नाही."

"मंग कसला वो हिशोब तुमचा, डाक्टर!" ती म्हणाली आणि पदराने तोंड पुसत राहिली.

तो पुन्हा पाडे हिंडला. दारं लागत गेली. चार घरं आहेत हे पक्कं ठाऊक, आणि दार एकाचंही ठाऊक नाही! यापेक्षा अडाणी असतो तर बरं, असं त्याला वाटू लागलं.

मग मैनाबाई यायची थांबली, म्हणून तो तिच्या घरी गेला. दाराच्या आतल्या बाजूला डहाळा, केव्हाचा वाळलेला. कोपऱ्यात सून नवसी, तोंडावर खपल्या. मैनाबाईच्या मांडीवर नात ठमी तापाने फणफणलेली, कपाळावर पुरळ उठलेलं. पुंडलिकने पिशवी उघडली आणि तशीच मिटली. आता टोचून काय उपयोग!

"बाई, रोज भेटत होतात. एका शब्दाने सांगायचं तरी!"

"आपल्या घरची देवी आपल्या तोंडानं कशी सांगू? इचारलं असतं तर खोटं नसते बोलले." तिने ठमीवर पदर ओढला. "समद्यांची घरं इचारलीत, डाक्टर. माजं इचारलंच नाय."

खरंच होतं ते. बाहेर अजून तीन घरं होती, आणि त्यांतली एखादी ठमी अजून धडधाकट खेळत होती.