गुरुजींना गुलाब

अमेरिकेतल्या क्युपर्टिनोच्या बागेत सकाळी व्यायामाला जमणाऱ्या चिनी म्हाताऱ्यांचा फोनवर एक ग्रुप होता, आणि त्याचे सर्वेसर्वा होते चेन गुरुजी. चीनमध्ये मुख्याध्यापक होते. इथे नातवंडंसुद्धा ऐकेनात, म्हणून सगळी विद्या ग्रुपवर उतू जाई. आज आल्याचा काढा, उद्या व्हिनेगरमधला लसूण. गुरुजींनी काही टाकलं की प्रत्येकाने गुलाबाचं फूल पाठवायचं, असा रिवाज. वाचलं नाही तरी चालेल, फूल हवं. वडीलधाऱ्याला चारचौघांत खोटं पाडायचं पाप त्या पिढीत कुणी करत नसे.

लिनआजी जन्मभर नर्स होत्या. ‘ब्लडप्रेशरच्या गोळ्या शरीर पोखरतात, त्या सोडा, सेलरीचा रस घ्या,’ असं गुरुजींनी टाकलं तेव्हा त्या चरकल्या. ‘हे चूक आहे’ असं लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. मग वाटलं, म्हाताऱ्याजवळ एवढा मान सोडून उरलंय काय? आणि कोण मूर्ख ऐकणार आहे याचं? त्यांनीही फूल पाठवलं. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते उगाच नाही.

ऐकणारी निघाली त्यांची जिवाभावाची मैत्रीण, गुओ. रोज त्यांचा हात धरून बागेत फिरणारी.

महिन्याभरात लिनआजींना हॉस्पिटल गाठावं लागलं. पक्षाघाताने गुओची उजवी बाजू लुळी पडली होती, वाचा गेली होती. लेक रडून रडून थकली होती.

“मी किती भांडले आईशी, मावशी! म्हटलं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या स्टॉप करू नकोस. तर म्हणाली, लिनताई नर्स आहे, तिनेसुद्धा फूल पाठवलंय. चुकीचं असतं तर तिने पाठवलं असतं का?”

लिनआजींच्या पायाखालची जमीन सरकली. ते फूल नुसतं मानाचं होतं गं, असं सांगायला तोंड उघडलं, पण आता सांगून कुणाचं भलं होणार होतं? त्या खुर्चीत बसल्या आणि ग्रुपवर लिहिलं: ‘गोळ्या सोडू नका. गुओने सोडल्या म्हणून ती अंथरुणाला खिळली. मी फूल पाठवायला नको होतं.’ या वेळी पुसलं नाही.

थोड्या वेळाने गुरुजींचा नवा मजकूर आला: पक्षाघात टाळायचा असेल तर सकाळी उठून कोमट पाणी प्या. त्याखाली फुलं पडू लागली. लिनआजींचं लिहिणं वर वर सरकत दिसेनासं झालं.

उशाशी गुओचा फोन वाजला. तिने डावा हात हळूहळू तिकडे सरकवला. लेकीने फोन तिच्यासमोर धरला.

“मावशी, बघा, आईला फोन ओळखू आला!” लेकीला हसू की रडू असं झालं.

गुओ बराच वेळ स्क्रीनवर बोट टेकवायला धडपडत राहिली. मग दमून तिने डोळे मिटले.

लिनआजींनी आपला फोन पाहिला. गुरुजींच्या मजकुराखाली गुओचं फूल आलं होतं.