नमुना एक्केचाळीस

शुक्रवारी दुपारी योगिनीने रत्नागिरीच्या प्रयोगशाळेत नमुना एक्केचाळीसची मोजणी तिसऱ्यांदा केली. आकडे तेच आले. औषध सुरू होण्याआधीच्या रक्तात एक पूर्णांक सात, औषधानंतर दुसऱ्या दिवशीच्या रक्तात एक.

लेप्टोचा, म्हणजे चिखलपाण्यातून जखमेवाटे शिरणाऱ्या तापाचा, जिवाणू दुभंगण्याआधी आपल्या गुणसूत्राची नक्कल करतो. नक्कल एका ठरावीक जागेपासून सुरू होते. जिवाणू जोमाने वाढत असले तर त्या जागेच्या प्रती शेवटच्या भागापेक्षा जास्त सापडतात. वाढ थांबली की दोन्ही सारख्या होतात, त्यांचं गुणोत्तर एक येतं. एक याचा अर्थ, औषधाने काम केलं होतं.

नमुन्यावर नाव नव्हतं, तारीख होती. तो तिचा भाऊ संदेश होता.

गेल्या वर्षी तो भाताच्या लावणीसाठी मुंबईहून रजेवर आला आणि टाचेला जखम असताना चिखलात उतरला. आठवड्याने ताप आला. सोमवारी डोळे पिवळे दिसले. त्यांच्या वडिलांनी, महिपतांनी, काविळीवरची मुळी आणली. तीन सकाळी उपाशीपोटी घ्यायची. मध्ये डॉक्टरची गोळी घेतली तर गुण जातो. त्यांनी योगिनीला फोन करून विचारलं होतं. तिची परीक्षा चालू होती. तीनच दिवस आहेत तर होऊ द्या पूर्ण, असं ती म्हणाली. पोटऱ्या दुखतात का, ही लेप्टोची खूण, तिने विचारली नाही. गुरुवारी संदेशला इस्पितळात नेलं तेव्हा लघवी बंद झाली होती. शनिवारी तो गेला. उरलेलं रक्त संशोधनाला वापरायला हरकत नाही, या कागदावर महिपतांनीच सही केली होती.

तेव्हापासून महिपत गावात एकच सांगत आले होते: इस्पितळाचं औषध लागलं नाही. योगिनीला वाटे, तेवढ्या एका वाक्यावर ते उभे आहेत. ते काढून घ्यायचं का, हे काही ठरत नव्हतं. मोजणीच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, ती एसटीने घरी गेली.

महिपत काजूच्या कलमांभोवतीचं गवत काढत होते. विषय त्यांनीच काढला.

"संदेशच्या रगताचा काय झाला, बाय? औषद लागला व्हता काय?"

"लागलं होतं, बाबा. दीड दिवसात जंतू वाढायचे थांबले. पण तोवर मूत्रपिंडं गेली होती."

"सोमवारी न्हेला असता तर?"

"बहुतेक वाचला असता."

त्यांनी मान हलवली. संदेश गेला त्याच दिवशी डॉक्टरांनी हे सांगितलं होतं, असं ते म्हणाले. मग वर्षभर लोकांना दुसरंच का सांगता, असं तिने विचारलं.

"लोक इचारतात, पोरगी येवडी शिकलेली, तिला इचारलात नाय काय? मी सांगतो, नाय इचारला. आनि इचारला असता तरी औषद लागनारा नव्हता." त्यांनी विळ्याचं पातं गवताने पुसलं. "फोनाचा तुझ्या आयशीला पन म्हायत नाय."

योगिनीने कापलेलं गवत गोळा करून बाजूला टाकलं.

"संदेशचा नाव घातलास काय तुझ्या कागदावर?"

"नाही. नुसता आकडा."

"मंग ऱ्हाऊ दे तसाच."

घरातून आईने जेवायला हाक मारली. महिपत उठले आणि तिच्या आधी आत गेले.