बाळाच्या अंगरख्यातलं उत्तर

मी एक पान बोलतोय. झाडाचं नव्हे आणि कागदाचंही नव्हे. वासराच्या कातड्याचं, चुन्यात भिजवलेलं, चौकटीवर ताणून खरवडलेलं आणि दोन्ही बाजूंनी लिहिलेलं पान. मला पुरतं वाचलेली माणसं फार थोडी, पण मला माझा अभिमान आहे. तो का, तेच सांगतो.

माझे मालक विगांड. काही शतकांपूर्वी जर्मनीतल्या एर्फुर्टच्या विद्यापीठात ते ईश्वरशास्त्र शिकवत. पाथरवटाचा मुलगा. आधी व्याकरण, मग तर्क, मग धर्मग्रंथ, असं करत करत केस पिकायला लागले तेव्हा कुठे आचार्यांची टोपी डोक्यावर आली. बोलणं तिरकस, पोट नाजूक, आणि अक्षर असं की नक्कल करणारे लेखनिक त्यांच्या नावाने बोटं मोडायचे. मला मात्र ते अक्षर आवडायचं. माझ्या अंगावर दुसरं कुठलं अक्षर कधी आलंच नाही.

एका दुपारी त्यांची धाकटी बहीण ओडा आली. नवरा निळीचा रंगारी, त्यामुळे तिचे हात कोपरापर्यंत निळे. तिचं बाळ जन्मताच गेलं होतं. पाद्री पोचायच्या आत गेलं, म्हणून बाप्तिस्मा नाही, आणि बाप्तिस्मा नाही म्हणून चर्चच्या आवारात जागा नाही. बाळाला भिंतीबाहेर पुरलं होतं. त्याला स्वर्ग मिळायची आशा सोड, असं पाद्र्याने तिला तोंडावर सांगितलं होतं.

"दादा, तू एवढा शिकलास," ती म्हणाली. "माझं बाळ कुठं गेलं, तेवढं सांग."

भल्याभल्यांची बोलती बंद करणाऱ्या विगांडांनी हातातली लेखणी खाली ठेवली. म्हणाले, "इथं घरात सांगितलं, तर भावाने बहिणीची समजूत काढली असं होईल. भर सभेत सांगतो. मग ते कुणाला सहज झटकता येणार नाही."

आमच्या वादसभेची रीत अशी. आधी विरुद्ध बाजूचे मुद्दे मांडायचे, तेही इतके नेटाने, की विरोधकाला वाटावं हे आपणच लिहिलंय. आपलं उत्तर शेवटी. विगांडांनीही तेच केलं. अशा बाळांना आशा का नाही, याची कारणं माझ्या आधीच्या पानांवर त्यांनी इतकी चोख मांडली, की पुढच्या बाकावरचे म्हातारे आचार्य समाधानाने मान डोलवायला लागले. मग त्यांनी मला हातात घेतलं.

"याच्या उलट मी म्हणतो," त्यांनी वाचलं, "की आईने आशा धरावी. देवाच्या दयेला कुंपण घालण्याचं काम आम्हा पंडितांना कुणी सोपवलेलं नाही."

सभेत गलका झाला. मान डोलवणाऱ्यांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. विगांडांनी त्याच संध्याकाळी मला ओडाच्या घरी नेलं. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनी समासात बोट दाखवणारा एक छोटा हात काढला आणि म्हणाले, "हे तुझं." ती त्यावर बोट ठेवून रडली. मीही रडलो असतो, पण शाई ओघळली असती.

मग मी परत विगांडांच्या गठ्ठ्यात गेलो, आणि त्याच वर्षी प्लेगने त्यांना नेलं. त्यांची पानं गठ्ठा बांधून गावाबाहेरच्या, संन्यासिनींच्या मठात गेली. पुढे नवरा वारल्यावर ओडाही तिथेच कामाला राहिली, आधी स्वयंपाकघरात, मग शिवणाला.

मठात बाळ येशूची लाकडी मूर्ती होती. नाताळात तिला नवा अंगरखा घालायचा आणि पाळीपाळीने पाळण्यात जोजवायचं. रेशीम ताठ राहावं म्हणून अस्तरात जुनी पानं घालत. त्या वर्षी ओडाने भावाचा गठ्ठा सोडला आणि समासातल्या हातावरून मला शोधून काढलं.

मठाच्या मुख्य बाईंनी, ज्यांना सगळ्या 'आई' म्हणत, अक्षर ओळखलं. "भावाचं आहे गं तुझ्या. कापवेल तुला?"

"कापत नाही, आई. दुमडून घालते."

म्हणून मी शाबूत राहिलो. पाळणा हलवायची पाळी आली, की ओडा बाळाच्या छातीवर हात ठेवायची, बरोबर माझ्यावर. एवढं सुख मला पुन्हा मिळालं नाही.

पण या मायेपायी घोळ झाला. मी अस्तरात, आणि बाकीचा गठ्ठा फिरत फिरत एका ग्रंथालयात. त्यात विरुद्ध बाजूचे मुद्दे होते, उत्तर नव्हतं. वाचणाऱ्यांना वाटलं, हेच विगांडांचं मत. झालं. आयांसाठी भांडलेल्या माणसाचं नाव 'कठोर विगांड' पडलं, आणि त्यांचीच वाक्यं दुखावलेल्या आयांच्या तोंडावर फेकली जाऊ लागली. मी अंधारात कसरीशी झुंजत पडून होतो.

अलीकडे तो अंगरखा एका संग्रहालयात दुरुस्तीला आला. जुनी वस्त्रं सांभाळणाऱ्या फ्राउकेला रेशमाच्या भोकातून अक्षरं दिसली. तिने हेनिंग नावाच्या अभ्यासकाला बोलावलं. विगांडांच्या उरल्यासुरल्या लिखाणाचं पुस्तक त्याने छापलं होतं. भोकातून डोकावताच त्याने अक्षर ओळखलं.

"टाके उसवता येतील?" त्याने विचारलं.

"येतील. पण मी उसवणार नाही. कुणीतरी जीव ओतून घातलेत ते."

शेवटी बारीक दिवा आणि इवलासा कॅमेरा आत सरकवून त्यांनी माझे फोटो घेतले. मला गुदगुल्या झाल्या. हेनिंगने उत्तर वाचलं आणि खुर्चीत बसूनच राहिला.

"मी छापलंय हो, फ्राउके. दगडाच्या काळजाचा माणूस, असं."

"मग आता दुसरं छापा," ती म्हणाली आणि त्याच्यापुढे कॉफी ठेवली.

त्याने छापलं. पहिल्याच पानावर आपली चूक मान्य केली. आता विगांडांना कुणी कठोर म्हणत नाही. टाके कुणाचे, ते मात्र अजून कुणालाच ठाऊक नाही. तुम्हाला सांगितलंय, जमलं तर पुढे सांगा. आणि कुणाचं अर्धंच लिखाण हाती आलं, तर त्या माणसावर शिक्का मारायची घाई करू नका, एवढं माझं मागणं.

आज मी अंगरख्यासकट काचेच्या कपाटात आहे. शेजारी माझ्या उत्तराचा साध्या जर्मनमध्ये तक्ता लावलाय. परवा एक वयस्क बाई तो पुन्हा पुन्हा वाचत उभ्या होत्या. फ्राउके जवळ गेली, तेव्हा त्या म्हणाल्या, "माझ्याआधी एक भाऊ झाला होता. असाच गेला. आईने त्याचं नाव कधी तोंडातून काढलं नाही."

फ्राउकेने आईची चौकशी केली.

"आहे अजून आई. नव्वदी उलटलीय, पण कान शाबूत आहेत. हे लिहून नेलं तर चालेल?"

फ्राउकेने पेन दिलं. बाईंनी शब्द न शब्द उतरवून घेतला, कागद पर्समध्ये ठेवला आणि दाराकडे वळल्या.

बाई, वाटेत कुठे थांबू नका.