डावी बाजू

“डोळे फुटले काय गं तुझे? की घरी काढून ठेवून आलीस?”

चष्मेवाला हातभर अंतरावरून ओरडला, आणि हॉलच्या मधोमध शिट्टी धरून उभ्या असलेल्या बालवाडीच्या बाईंच्या डोळ्यांतून खरोखरच पाणी आलं.

“थांबा,” तो लगेच नेहमीच्या आवाजात म्हणाला. “रडा बाई, रडायला हरकत नाही. फक्त शिट्टी तोंडात धरून रडा.”

बाईंनी शिट्टी तोंडात धरली. पुढचा हुंदका आला तशी ती फुर्र करून वाजली. वर्ग हसला, बाईही नाक पुसत हसल्या.

“बघितलंत? शिट्टी तोंडात असली की रडू बाहेर पडत नाही, शिट्टीच पडते. म्हणून मैदानावर कुणी ओरडलं की आधी ती तोंडात. उत्तर द्यायचं नाही, आईबापाची आठवण काढायची नाही. चला, पुढचा कोण?”

फुटबॉल संघटनेच्या पत्रकात या तासाचं नाव ‘प्रेक्षक व्यवस्थापन’ होतं. चष्मेवाला त्याला शिव्यांचा तास म्हणायचा. आठवडाभर तो चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत बसून फ्रेमला काचा बसवायचा. सुट्टीच्या दिवशी मुलांच्या फुटबॉलसाठी रेफरी तयार करायचा. आंधळ्या रेफरीवरचे विनोद त्यामुळे आयतेच तयार होते. ‘दुकान चालावं म्हणून हा मुद्दाम आंधळे पास करतो,’ हा त्यातला सगळ्यात जुना. दर वर्गाच्या सुरुवातीला तो स्वतःच सांगून टाकायचा. आपल्यावरचा विनोद आपणच आधी केला की लागायचा तो कमी लागतो, असा त्याचा हिशेब.

शिकायला येणारे सगळे स्वयंसेवक. स्वयंसेवक म्हणजे स्वखुशीने आलेला, असं शब्दावरून वाटतं. प्रत्यक्षात ज्या संघाला स्पर्धेत उतरायचं त्याने पालकांतला एक रेफरी द्यायचा, असा नियम होता. आणि पालकांच्या सभेला जो सगळ्यांत उशिरा पोचायचा तो स्वयंसेवक व्हायचा. बालवाडीच्या बाई अशाच आल्या होत्या. दातांचे डॉक्टर आले होते. रोज माणसं त्यांच्यापुढे तोंड उघडून गप्प बसायची, मैदानावरही बसतील असा त्यांचा समज. एक जुळ्यांची आई होती, तिला घरातल्या पंचगिरीचा दांडगा अनुभव. आणि मागच्या बाकावर टायरवाला. तो मात्र खरोखरच आपणहून आला होता.

त्याच्याबद्दल संघटनेच्या सेक्रेटरींचा फोन आधीच येऊन गेला होता.

“हे बघा, त्याची बंदी संपलीय. धाकट्याच्या संघाला रेफरी नाही, म्हणून स्वतःच येतोय. तुम्ही कोण ते त्याला माहीत नाही, कळायचं कारणही नाही. तुम्हाला जमत नसेल तर सांगा बुवा, मी दुसरा परीक्षक बघतो.”

दुसरा परीक्षक नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं.

“जमेल,” चष्मेवाला म्हणाला होता.

पहिल्या दिवशी नियमांचं पुस्तक देताना त्याने टायरवाल्याचा चेहरा पाहिला नाही, पंजा पाहिला. चाकांचे नट सोडवून सोडवून रुंद झालेला, रेषांत काळं तेल बसलेला. पुस्तक त्या पंजात वहीच्या पानाएवढं दिसत होतं.

आता तो पंजा शिट्टी धरून मधोमध उभा होता आणि वर्ग रंगात आला होता.

“ए टायर! हवा गेली काय?” जुळ्यांची आई.

“पंक्चर काढ आधी डोक्यातलं!” बालवाडीच्या बाईसुद्धा.

डॉक्टरांना बराच वेळ काही सुचत नव्हतं. मग सभ्य माणसाला सुचतं तेच त्यांना सुचलं. “कानाखाली जाळ काढीन! समजलं?”

हे वाक्य दर सामन्याला दहा जण म्हणतात. म्हणायला काय जातं? पण टायरवाल्याने शिट्टी तोंडातून काढली.

“सर, एक सांगू का? मी हे केलंय.”

“काय केलंय?” डॉक्टर अजून हसतच होते.

“कानाखाली काढलीय. रेफरीच्या.” तो जमिनीकडे बघत बोलू लागला. “थोरल्याच्या सामन्यात. टोपी घातलेलं एक पोरगं होतं रेफरी. आमच्यावर गोल दिला. सरळ सरळ ऑफसाइड हो! थ्रो-इन झाला, त्यांचा एकजण आमच्या गोलकीपरच्या मांडीवर बसल्यागत उभा, त्याला आयता बॉल मिळाला आणि गोल. माझं डोकं फिरलं. आत गेलो आणि दिली एक ठेवून. टोपी उडाली तेव्हा कळलं, पोरगी आहे.”

त्याने शिट्टी दुसऱ्या हातात घेतली.

“बंदी घातली माझ्यावर. बरोबरच केलं. सेक्रेटरींकडे माफीचं पत्र दिलं, त्याचं उत्तर नाही आलं. हात उचलायला नको होता. निर्णय चुकला म्हणून काय झालं, लहान होती बिचारी.”

“मोठी असती तर चाललं असतं?” जुळ्यांची आई म्हणाली.

“नाही, तसं नाही ताई...”

“असू द्या हो,” बालवाडीच्या बाई कळवळून म्हणाल्या. “कबूल करायलाही छाती लागते.” माना डोलल्या. कुणीतरी टाळीही वाजवली.

चष्मेवाला चष्मा पुसत बसला होता. धंद्यातलं शहाणपण: चष्मा पुसणाऱ्या माणसाला सहसा कुणी काही विचारत नाही.

मधल्या सुट्टीनंतर वर्गात मैदानाच्या मापांचा धडा होता. त्याने तो बाजूला ठेवला आणि फळ्यावर गोलपोस्ट काढला.

“ऑफसाइड. पुढे गोलपाशी जाऊन आयत्या चेंडूची वाट बघत उभं राहायचं नाही, तो नियम. पुढच्या वेळी घेणार होतो, आजच घेतो. आणि त्यातलंही शेवटचं आधी. थ्रो-इनवरून, म्हणजे रेघेबाहेरून हाताने फेकलेला चेंडू थेट मिळाला तर ऑफसाइड नाही. का ते विचारू नका. नियम आहे.”

“कितीही पुढे उभा असला तरी?” डॉक्टरांनी विचारलं.

“गोलकीपरच्या मांडीवर बसला असला तरी.”

मागच्या बाकावरचं पेन थांबलं. टायरवाल्याने मान वर केली नाही. बऱ्याच वेळाने पेन पुन्हा चालू झालं.

*

चष्मेवाल्याच्या घरी जेवताना बसायच्या जागा ठरलेल्या होत्या. मुलगी मधे, तो तिच्या उजवीकडे, बायको समोर. पूर्वी असं काही नव्हतं, जो आधी येईल तो हवा तिथे बसायचा. तिच्या डाव्या कानाचा फाटलेला पडदा भरून येईल असं इस्पितळातले डॉक्टर म्हणाले होते. पडदा भरून आला. ऐकू येणं आलं नाही. तेव्हापासून घरात सगळे तिच्या उजवीकडून बोलायचे, रस्त्यात चालायचे उजवीकडून, आणि ती गोष्ट कुणी बोलून दाखवायची नाही हेही न बोलताच ठरलं होतं.

सोळाव्या वर्षी ती रेफरीची परीक्षा पास झाली होती. बिल्ला त्यानेच लावला होता. तिला थप्पड बसली त्या दिवशी तो पलीकडच्या मैदानावर दुसऱ्याच कुणाची परीक्षा घेत होता. गलका ऐकला तेव्हा कुणीतरी गोल केला असेल असं त्याला वाटलं.

नंतर तिने एकदाच विचारलं होतं. “बाबा, गोल होता ना?”

“होता.”

“तुम्ही म्हणणारच.”

संघटनेच्या बंदीच्या पत्रात ‘वादग्रस्त निर्णयावरून’ असा शब्द होता. मारणाऱ्यावर बंदी आली, पण तो शब्द जागचा हलला नाही. तिने शिट्टी परत केली. आता ती पार्सलच्या गोदामात चिठ्ठ्या बघून खोकी वेगळी करायची. तिथे इतका खडखडाट असायचा की सगळेच सारखे बहिरे.

परीक्षेच्या आदल्या दिवशी ती कामावर असताना बायकोने विषय काढला. “नापास करा. तुमच्याच हातात आहे ना?”

होतं. परीक्षेच्या कागदावर शेवटचा रकाना ‘संयम’ असा होता. तिथे परीक्षक जे लिहील ते खरं. कुणी कारण विचारत नसे.

“चांगला तयार झालाय तो,” चष्मेवाला म्हणाला. “उगीच नापास करणं नियमात बसत नाही.”

“नियमात बसत नाही! त्याचा हात माझ्या पोरीला बसला, तो बसला का नियमात?” तिने हातातलं भांडं खाली ठेवलं. “आणि तिला सांगितलंत?”

“नाही.”

“मग नापास करूनच सांगा.”

*

परीक्षेचा सामना बारा वर्षांखालच्यांचा होता. चष्मेवाला घडीच्या खुर्चीवर, मांडीवर कागद घेऊन बसला. सामना संपेपर्यंत परीक्षकाने चुन्याची रेघ ओलांडायची नाही, हा नियम तो स्वतःच शिकवायचा.

टायरवाला चांगला निघाला. एवढा मोठा देह, पण चेंडूच्या मागे असायचा. शिट्टी कमी वाजवायचा आणि ठाम वाजवायचा. एक पोरगं पडलं तर गुडघ्यावर बसून आधी त्याच्याशी बोलला, मग खेळ सुरू केला. चष्मेवाल्याच्या कागदावर बरोबरच्या खुणा वाढत गेल्या. त्या मोजायची त्याला इच्छा होत नव्हती. शेवटचा रकाना कोरा होता.

त्या वयाच्या मुलांना ऑफसाइड कितीही शिकवा, एकदोघे गोलपोस्टपाशी गप्पा मारत उभे असतातच. त्यामुळे जे दर दोन-तीन सामन्यांत एकदा होतं ते झालं. थ्रो-इन पडला, गोलकीपरशेजारी उभ्या असलेल्या पोराच्या पायात चेंडू आला, त्याने दचकून लाथ मारली आणि गोल झाला.

“ऑफसाइड!” रेघेवरचे सगळे बाप एकदम ओरडले.

टायरवाल्याची शिट्टी ओठांवर होती. चष्मेवाल्याची पेन्सिल थांबली. आणि त्याच्या लक्षात आलं, की याने चुकावं म्हणून आपण देव पाण्यात घालून बसलोय. त्याची त्यालाच लाज वाटली.

टायरवाल्याने मधल्या वर्तुळाकडे हात केला. गोल.

“अरे चष्मा घे, शेजारीच बसलाय दुकानदार!” कुणीतरी ओरडलं. हशा झाला. पण पिवळ्या स्वेटरमधला एक बाप हसला नाही. तो रेघ ओलांडून सरळ आत निघाला. “थांब, कानाखाली जाळच काढतो तुझ्या.”

टायरवाला जागेवर उभा राहिला. शिट्टी तोंडात. हात खाली, शरीराला चिकटलेले. त्या हातांनी त्याने त्या माणसाला उचलून रेघेबाहेर ठेवलं असतं. पण ते हलले नाहीत.

खुर्ची मागे पडल्याचा आवाज चष्मेवाल्याने ऐकला. ती आपलीच हे त्याला नंतर कळलं. तो मैदानात होता. टायरवाल्याच्या डाव्या बाजूला, त्याच्या आणि त्या स्वेटरच्या मधे. त्याचं डोकं जेमतेम टायरवाल्याच्या खांद्याला लागत होतं.

“बाहेर,” तो म्हणाला.

“तू कोण रे?”

“बाहेर व्हा. मुलं बघतायत.”

स्वेटरवाल्याने एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा मागे उभ्या असलेल्या पोरांकडे. त्याचंही पोरगं त्यात होतं. एक शिवी देऊन तो वळला.  खेळ पुन्हा सुरू होईपर्यंत चष्मेवाला तिथून हलला नाही.

सामना संपल्यावर पोरं पांगली. टायरवाला खुर्चीपाशी आला. घाम पुसला. बोलावं की नाही असं करत म्हणाला, “सर, तेव्हाचाही गोलच होता.”

“हो.”

“म्हणजे ती पोरगी बरोबर होती.”

“बरोबर होती.”

हे वाक्य या तोंडून ऐकायची चष्मेवाल्याने किती वाट पाहिली होती! आता ते आलं, आणि फार उशिरा आलेल्या पाहुण्यासारखं दारातच उभं राहिलं. आत कुठे बसवावं ते त्याला कळेना.

“वर्गात त्या दिवशीच कळलं मला. झोप नाही हो तेव्हापासून. तिला भेटून एकदा सांगायचं होतं. कुठे असते, माहितीय का तुम्हाला?”

“घरी असते. माझीच आहे.”

टायरवाल्याने दोन्ही हात पाठीमागे नेले. मास्तरांपुढे उभं राहतात तसे.

“बरी आहे ना?” त्याने विचारलं.

“डाव्या कानाने ऐकू येत नाही.”

“मला कुणी... मला माहीत नव्हतं, सर.”

“पत्रात तुम्ही विचारलं नव्हतंत.”

मैदानावर कुणीतरी जाळी सोडवत होतं. “मला पास करू नका,” टायरवाला म्हणाला.

चष्मेवाल्याने कागद मांडीवर घेतला. शेवटच्या रकान्यात ‘उत्तम’ लिहिलं आणि खाली सही केली. “पुढच्या रविवारी तुमच्या धाकट्याचा सामना आहे. स्वतःच्या पोराचा घेता येत नाही, तो सोडून दुसरा कुठलाही घ्या. वेळेवर या.”

*

घरी ताटं वाढली होती. तो हातपाय धुऊन मुलीच्या उजवीकडे बसला.

“तो आला होता,” तो म्हणाला. “परीक्षेला.”

कोण, हे तिने विचारलं नाही. समोर बायकोचा हात थांबला.

“चांगला आहे?” मुलगी म्हणाली.

“चांगला आहे.”

“मग पास केला असेल.”

“केला.” आणि मग घाईघाईने, “पण ऐक ना. त्याने कबूल केलं. स्वतःच्या तोंडाने म्हणाला. गोल होता म्हणाला. तू बरोबर—”

मुलीने ताट उचललं. पाण्याचा पेला उचलला. शांतपणे त्याच्या मागून वळसा घालून गेली आणि त्याच्या पलीकडच्या खुर्चीवर बसली. कित्येक दिवसांत त्या खुर्चीवर कुणी बसलं नव्हतं. आता तिचा डावा कान त्याच्याकडे होता. खिडकीकडे तोंड करून ती जेवू लागली.

बायकोने भाताचं भांडं तिच्या नव्या जागेकडे सरकवलं.

चष्मेवाल्याने मुलीकडे वळून सगळं सांगितलं. थ्रो-इन कुठून झाला, पोरगं कुठे उभं होतं, सगळे कसे ओरडले, आणि मधल्या वर्तुळाकडे हात कसा गेला. तू बरोबर होतीस, असं दोनदा म्हणाला. ती सावकाश जेवत होती.

आवाज मात्र त्याने चढवला नाही.