पडद्यामागचा विल्फ

"परत वाच," विल्फ म्हणाला.

परत वाचलं, काय करणार! लंडनच्या त्या साप्ताहिकात आमच्या पहिल्या अल्बमवर अर्धं पान आलेलं, आणि त्यात काय, तर 'या शेफील्डकरांनी ड्रमवाल्याला हाकलून ताल वाजवणारं मशीन आणलं, हे झकास केलं. ठोक्यात माणसाचा मागमूस नाही. पंक रॉक संपलं, आता पुढचं संगीत हेच.'

अरे, मशीन कुठलं? आमचा ड्रमवाला विल्फ तो! वीस वर्षं पोलादाच्या कारखान्यात यांत्रिक घणासमोर उभा आहे. वरून घण पडतो, मधल्या क्षणात चिमट्यातलं लाल लोखंड फिरवायचं, चुकलं की बोटं गेली. तो ताल अंगातच मुरलाय त्याच्या. चुकतच नाही माणूस, आणि यांना वाटतं मशीन!

"मी पत्र लिहिते त्यांना," मी म्हटलं.

"लॉर्ना, तू बेस गिटार वाजव आणि गप बस," आमचा गायक नाइज म्हणाला. "चार दिवसांत अल्बमच्या सगळ्या प्रती खपल्यात. आता काय सांगणार, मशीन नाही, छत्तिशीचा टकला आहे म्हणून?"

"टकला इथंच बसलाय रे," विल्फ म्हणाला आणि चिप्सवर व्हिनेगर ओतत राहिला.

मी लिहिलंच पत्र. आणि त्या लोकांनी छापलं पण, विनोदांच्या रकान्यात! खाली शेरा, 'मशीनचं नाव विल्फ? वा!' डोकंच फिरलं माझं.

मग लीड्सला कार्यक्रमाआधी एक पोरगा येतो, विल्फच्या दोन्ही हातांत ड्रम, आणि हा त्यालाच विचारतो, "काका, मशीन बघू द्या ना!"

"झोपलंय गाडीत," विल्फ म्हणाला. सगळे खिदळले. मला मेलं हसूच येईना.

त्यात लंडनहून बोलावणं आलं. मोठं सभागृह, पण मशीनवालाच बँड हवा म्हणे. नाइज हो म्हणून मोकळा! विल्फला पडद्यामागे बसवायचं, आणि गाण्याच्या सुरुवातीला ड्रमच्या काड्या आपटून एक-दोन-तीन-चार मोजायचंसुद्धा नाही, मशीन कुठं मोजतं?

"तो पुढे नाही तर मी पण नाही!" मी ओरडले.

विल्फनं मला बाजूला घेतलं. "पोरी, पुढच्या महिन्यात कारखाना बंद होतोय आमचा. मग एवढंच राहतं माझ्याकडे. मला वाजवायचंय. कुठं बसून, ते तुम्ही ठरवा."

"मग एकदा तरी चूक ना रे! मुद्दाम! म्हणजे कळेल त्यांना, माणूस आहे ते!"

तेव्हा पहिल्यांदा चिडला तो. "चुकू? मी?"

आणि ड्रमच्या काड्या उचलून निघून गेला.

लंडनला सभागृह खच्चून भरलेलं. दिवे मालवले, आणि मी पडदा जरासा सरकवून आत पाहिलं. विल्फ ताठ बसलेला. कुणाला दिसणार नव्हता, तरी पांढरा, कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, आणि चक्क टाय.