अंगणावरची तार

टेस्टरच्या पोटातला दिवा केवढासा, तर तांदळाच्या कणीएवढा – आणि तो लागला होता की नव्हता, एवढ्यावरून आज सकाळपासून या घरात रत्नमालेची किंमत ठरत होती. तिने डाव्या हाताचा आडोसा करून पुन्हा एकदा पाहिलं. टेस्टरचं टोक कपडे वाळवायच्या तारेवर, मागच्या टोपीवर अंगठा... लागला होता. तांबूस, थरथरत, पण लागला होता. मग वारा पडला, वरची वायर हलायची थांबली, आणि दिवा विझला. हेच तर दुखणं होतं. रोग यायचा-जायचा, आणि दाखवायला जावं तेव्हा नेमका नसायचा.

"कुठे दिसते?" अनुप म्हणाला होता. नवरा खरा, पण तिच्या हातातल्या टेस्टरकडे त्याने पाहिलं ते पोराने आणलेला किडा पाहावा तसं. "उन्हाची चमक आहे ते. दे सोडून." आणि तो बाहेरच्या खोलीत गेला, नव्या टेबलावर नवा प्रिंटर या कोपऱ्यात ठेवावा की त्या, हे ठरवायला. तुमसरच्या दुकानातली नोकरी गेल्यावर तो आता घरीच ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान काढणार होता. बरं होतं. पण या सीमेवरच्या गावात, बपेऱ्यात, फोनला धड नेटवर्क नाही. घरात बसलं तर तो पलीकडच्या राज्यातला टॉवर पकडतो आणि घरच्या ओट्यावर बसलेल्या माणसाचं मध्य प्रदेशात स्वागत करतो. आपला टॉवर मिळतो तो एकाच ठिकाणी, अंगणाच्या त्या टोकाला, गुरांच्या कोठ्याच्या छपरावर. म्हणून छपरावर पाइप उभा करून त्यावर अँटेना बसवला होता, आणि आता त्याची काळी केबल अख्खं अंगण ओलांडून या टेबलापर्यंत आणायची होती. चाळीस फूट. चाळीस फुटांचं तर काम.

तिने कॅलेंडरच्या पाठीवर नकाशा काढून दिला होता. हातभर खोल चर, त्यात प्लास्टिकचा पाइप, पाइपातून केबल. खिडकीत शिरण्याआधी केबलीला खाली एक झोळ, म्हणजे पावसाचं पाणी झोळाला टपकून जाईल, घरात येणार नाही. आणि अँटेनाच्या पाइपाला अर्थिंग, कारण या धानाच्या उघड्या मुलखात वीज पडायला उंच काहीतरी शोधतच असते. सगळं पट्टीने आखलेलं. तुमसरच्या आयटीआयमध्ये वायरमनच्या ट्रेडला बावीस पोरं आणि ती एक, आणि बावीस पोरांत असा स्वच्छ नकाशा कोणाचा यायचा नाही. अनुप म्हणाला, छान आहे. घडी घालून भावाला नेऊन दिला. भावाचा निरोप सासूबाईंच्या तोंडून परत आला – "कागदावर लाईट चालत नाही म्हना तिले. आन सारवलेलं अंगन कोन खोदते?"

म्हना. या घरातला सगळ्यात जुना शब्द.

तुलाराम तिचा भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ, आणि लहान सुनेने भासऱ्याशी बोलायचं नसतं. डोक्यावर पदर, तोंड वळवलेलं, तो बसला असेल त्या ओट्यावर पाय द्यायचा नाही, चहाचा कप हातात द्यायचा नाही, खाली ठेवायचा आणि बाजूला व्हायचं. मध्ये कोणी असलं तर त्याच्यातर्फे, म्हना. कोणी नसलं तर ताट वाजवायचं, बांगडी वाजवायची, खोकायचं. नऊ वर्षांत तिने त्या माणसाशी एक शब्द बोललेला नव्हता. तो वाईट होता असं नाही, खरं सांगायचं तर नव्हता, तिच्या बाळंतपणात भर पावसात भंडाऱ्याला गाडी घेऊन गेला होता तोच, आणि तेव्हाही गाडीत मागे वळून न बघता सासूबाईंना विचारत होता, "दुखते का म्हना?" कळा तिच्या पोटात आणि प्रश्न दुसरीला... हसू यावं की रडू, तेव्हाही कळलं नव्हतं.

आता तो शिडी घेऊन आला होता. लोखंडी. आणि पायात काही नाही, कारण चपला दांड्यावरून निसटतात. मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, लाईटिंगची कामं करत करत तो विजेचं शिकलेला. गावात कोणाचा पंखा बंद पडो, मोटार जळो, तुलारामला बोलवा. त्याने आधी मेन स्विच पाडला होता, खट्कन, सगळ्यांना ऐकू जाईल असा, आणि वर म्हणाला होता, "लाईनीचं काम आहे, मस्करी नाही." म्हणजे आपण खबरदारी घेतली ही त्याची खात्री. देवा रे! खांबावरून येणारी वायर आधी मीटरात जाते आणि मग मेनमध्ये. मेन पाडला की मरतं ते मेनच्या पुढचं घर. अलीकडची, अंगणावरून येणारी वायर जिवंतच राहते. ट्रेडच्या पहिल्या महिन्यात हे शिकवतात. मंडईत शिकवत नाहीत.

आणि तो केबल बांधणार होता ती नेमकी त्याच वायरीबरोबर. खांबापासून घरापर्यंत एक लोखंडी तार ताणलेली होती, तिच्या आधाराने लाईटची वायर लोंबत यायची, आणि भिंतीशी तार उरली म्हणून तिचंच टोक पुढे कडुलिंबाला नेऊन कपडे वाळवायला बांधलेलं. तयार तार असताना नवी कशाला? असं हे सगळं. लोखंड आणि वायर वाऱ्यावर वर्षानुवर्षं एकमेकांना घासत राहिले. भिंतीपासून हातभरावर वायरीचं काळं कातडं खरवडून आतलं पांढरं उघडं पडलं होतं. ते खालूनसुद्धा दिसत होतं, पाहायचं असेल तर. गेल्या पावसाळ्यात ओलं लुगडं टाकताना तिच्या कोपरापर्यंत झिणझिणी आली. तिने सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, मलेही येते, वात आहे, आणि दोन्ही हातांना तेल चोळून बसल्या. तेव्हापासून ती कपडे कुडावर टाकते, आणि शेजारपाजारी बोलायला एक विषय झाला – सुंदरबाईच्या धाकटीचे नखरे.

शिडी भिंतीला लागली. खाली अंगण अजून ओलं होतं. सडा तिनेच टाकला होता पहाटे, चांगला दोन बादल्या... स्वतःच्या हाताने.

सासूबाई ओट्यावर लाखोरीची डाळ निवडत होत्या. ती त्यांच्याजवळ बसली, आवाज खाली ठेवून म्हणाली, "आत्या, त्याइले म्हना, मेन पाडून काही होत नाही. वरची वायर जिवंतच आहे. खांबावरून बंद करा लागते. तारेले हात नका लावू म्हना."

सुंदरबाईंनी सुपातून मान वर केली. "तुलाराम! मेन पाडला का म्हनते ते."

"पाडला म्हना!" वरून उत्तर आलं. "मले आता मेन शिकवते का?"

"पाडला म्हनते," सुंदरबाई म्हणाल्या.

"तसं नाही आत्या, मी म्हनलं की..."

"किती डाव विचारू वो बाई? चिडते तो." आणि त्या सूप घेऊन आत गेल्या. चार वाक्यं दिली होती त्यांच्या हातात, पोचलं त्यातलं एक, आणि तेही प्रश्नचिन्ह लावून. अशी किती वाक्यं गेली असतील नऊ वर्षांत या बाईच्या तोंडातून, कापून, सोलून... पोरीला शाळेत मराठीत घालू म्हणालेलं, माहेरी चार दिवस जाते म्हणालेलं, गावात वायरिंगची कामं घेते म्हणालेलं. ते शेवटचं तर पोचलंच नसेल. आणि मी समजत होते की नाही म्हणाले.

तो चौथ्या दांड्यावर होता. खांद्यावर केबलीचं वेटोळं, दातांत प्लास्टिकच्या पट्ट्या. तिने ताट उचललं आणि उलथण्याने वाजवलं. जोरात, तीनदा. कोठ्यातल्या गाईने मान वळवली. तो वळला नाही. दातांतल्या पट्ट्यांमधून म्हणाला, "ठेवून दे म्हना. येतो."

चहा! त्याला वाटलं चहा झाला. अंगणात चिटपाखरू नव्हतं, सासू आत, नवरा बाहेरच्या खोलीत, आणि हा माणूस हवेला सांगत होता, म्हना. अनुपला हाक मारावी तर तो येणार, विचारणार, काय झालं, मग बाहेर डोकावणार... तेवढा वेळ कुठला? पाचवा दांडा. डावा हात शिडीला, उजवा वर निघालेला, तारेकडे. त्या पांढऱ्या उघड्या जागेच्या वितीभर अलीकडे.

हाक मारायची होती. तोंड उघडलं आणि कळलं, शब्दच नाही. अहो म्हणतात ते नवऱ्याला. भाऊ म्हटलं नव्हतं कधी, दादा म्हटलं नव्हतं. नऊ वर्षं ज्याच्या ताटात भात वाढला त्या माणसाला हाक मारायला तिच्याजवळ एक अक्षर कोणी दिलेलं नव्हतं. होतं ते फक्त त्याचं नाव, रेशन कार्डावरचं, सासूबाई ओरडायच्या ते.

"तुलाराम! हात काढ!"

आवाज तिचा होता. अंगणभर गेला, कुंपणाच्या पलीकडेही गेला असणार. हात थांबला. मग मागे आला, सावकाश, पोळल्यासारखा – पण तारेने नव्हे. तो खाली उतरला, एकेक दांडा. तिच्याकडे पाहिलं नाही. दातांतल्या पट्ट्या काढून ओट्यावर ठेवल्या, केबल तशीच अर्धी भिंतीवर, अर्धी चिखलात सोडली. दारात आलेल्या सुंदरबाईंना म्हणाला, "गड्याले हाक मारते तशी मारली, आई. नाव घेऊन. अरे-तुरे करून." त्याचा आवाज कापत होता, त्याला खरंच लागलं होतं, हे तिला दिसलं आणि त्याचा तिला रागच आला. जीव वाचलेला माणूस असा दिसतो? तो फाटक उघडून गेला.

पुढचं काय सांगावं! सुंदरबाई उंबऱ्यात बसल्या आणि डोळ्यांना पदर लावून, गावात आता तोंड कसं दाखवू, हेच पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. अनुप बाहेर आला. तिने सांगितलं, सगळं, सलग, मध्ये कोणी नसताना – मेन, मीटर, खरवडलेली वायर, ओलं अंगण, लोखंडी शिडी. चल, टेस्टर लावून दाखवते, म्हणाली. तो ऐकत होता. चांगला ऐकत होता, तेच वाईट.

"लाईट होती का नोती, ते सोड," तो म्हणाला. "तू नाव काहून घेतलं?"

"मंग काय म्हनू?"

त्याने चिखलातलं केबलीचं टोक पायाने बाजूला सरकवलं. मग म्हणाला, "संध्याकाळी दादा येईन. दुरून पाया पडजो. चूक झाली ते तू नोको बोलू, आई सांगन तुझ्या वतीनं." आणि कोठ्याकडे निघाला, गाईला पाणी दाखवायला. कपड्यांच्या तारेजवळ आला आणि वाकला. तार त्याच्या डोक्यापेक्षा वीतभर उंच होती, रोज तो ताठ मानेने जायचा खालून. आज वाकला, चांगला कमरेत, आणि पलीकडे जाऊन सरळ झाला. म्हणजे पटलं होतं. त्याला सगळं पटलं होतं.

ती चुलीपुढे येऊन बसली. तांदूळ धुवायला घेतले, तीन पाणी काढली, चौथं काढलं. हात काम करत होते. तिला वाटलं होतं रडू येईल, पण आला तो हिशेबी विचार, परीक्षेच्या पेपरात यायचा तसा शांत. हाक एका क्षणाने उशिरा गेली असती तर? एकच क्षण. बोट लागलं असतं, झटका बसला असता, तो खाली चिखलात पडला असता, कोपर खरचटलं असतं... आणि मग नाव कोणी आठवलं नसतं. मग सगळं गाव म्हणालं असतं, पोरगी सांगत होती. आता काय आहे माझ्याजवळ दाखवायला? धडधाकट माणूस, न बसलेला झटका, आणि मोठ्याने घेतलेलं एक नाव.

पण झटका मोजून देता येत नाही, हे तिच्यातल्या वायरमनला माहीत होतं. ओली जमीन, लोखंडी शिडी, अनवाणी पाय. कोपर खरचटलं नसतं, तो चिकटला असता. धुरपताबाई विधवा झाली असती, थोरली जाऊ, साधी बाई, कोणाच्या अध्यात ना मध्यात. हे सगळं तिने स्वतःला नीट सांगितलं, एकेक करून, आणि थांबली. आता आपल्याला आपली भीती वाटेल, शिसारी येईल, म्हणून वाट पाहत राहिली. काही आलं नाही. बाहेर सुंदरबाई फाटकाशी कोणाला तरी सांगत होत्या, नावानं वो, नावानं. तिने पाणी ओतून दिलं, तांदूळ भांड्यात घातले, आणि तिला अगदी स्पष्ट कळलं की पुढच्या वेळी हाक मारण्याआधी ती थांबेल. किती वेळ, तेवढंच अजून ठरलं नव्हतं.